एरिक बॅरोन

एरिक बॅरोन (जन्म: १९८७) हे अमेरिकन व्हिडिओ गेम निर्माते असून ‘कन्सर्न्डएप’ या नावाने ते ओळखले जातात. २०१६ साली प्रकाशित झालेल्या ‘स्टारड्यू व्हॅली’ या खेळाचे प्रोग्रॅमिंग, चित्रे, संगीत, कथा व संवाद ही सर्व कामे त्यांनी एकट्याने केली. डिसेंबर २०२४ पर्यंत या खेळाच्या ४ कोटी १० लाख प्रती विकल्या गेल्या होत्या. स्वतंत्रपणे व्हिडिओ गेम तयार करून त्यावर उपजीविका करता येते, याचे उदाहरण म्हणून त्यांचा उल्लेख वारंवार केला जातो. मात्र खेळ विक्रीस येण्यापूर्वीच्या सुमारे साडेचार वर्षांत या कामातून त्यांना वेतन मिळत नव्हते.

शिक्षण व सुरुवात

बॅरोन यांचे बालपण अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील ऑबर्न येथे गेले. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या टकोमा येथील शाखेतून त्यांनी २०११ साली संगणकशास्त्राची पदवी घेतली. पदवीनंतर त्यांनी नोकरीसाठी प्रयत्न केले. परंतु त्यांना यश आले नाही. आपले प्रोग्रॅमिंगचे कौशल्य वाढावे व त्यायोगे नोकरी मिळणे सुकर व्हावे, या हेतूने त्यांनी एक छोटा खेळ तयार करण्यास घेतला. लहानपणी आवडलेली ‘हार्व्हेस्ट मून’ ही शेतीवर आधारित जपानी खेळमालिका त्यांच्यासमोर आदर्श म्हणून होती. या मालिकेतील नंतरच्या खेळांत पूर्वीचा गोडवा उरला नाही, असे त्यांचे मत होते. त्यांनी सी शार्प ही संगणकभाषा आणि मायक्रोसॉफ्टची एक्सएनए ही साधनप्रणाली वापरली. काही महिन्यांचा सराव म्हणून हाती घेतलेले हे काम पुढे त्यांचा पूर्णवेळ व्यवसाय बनले.

खेळाचे स्वरूप

‘स्टारड्यू व्हॅली’मध्ये खेळाडू एका बड्या कंपनीतील कंटाळवाणी नोकरी सोडून आजोबांनी मागे ठेवलेल्या ओसाड शेतावर राहावयास येतो. प्रारंभी त्याच्याजवळ थोडी अवजारे, ५०० नाणी व पार्सनिप या कंदाच्या १५ बिया असतात. चार ऋतूंचे वर्ष आणि २८ दिवसांचा प्रत्येक ऋतू अशी येथील कालगणना आहे. पिके घेणे, जनावरे पाळणे, मासेमारी, खाणकाम आणि गावातील लोकांशी स्नेहसंबंध जोडणे हे खेळाचे मुख्य भाग आहेत.

निर्मितीकाळातील उपजीविका

निर्मितीच्या काळात बॅरोन दररोज सरासरी दहा तास आणि बहुधा आठवड्याचे सातही दिवस काम करीत. चित्रकला व संगीतरचना यांत हात बसत गेला तशी आधीची चित्रे त्यांना उणी वाटू लागत, आणि ती पुन्हा नव्याने काढली जात. यामुळे काम लांबत गेले. घरखर्चाचा मुख्य भार त्यांच्या जोडीदाराच्या कमाईवर होता. स्वतः बॅरोन यांनी काही काळ सिॲटल येथील पॅरामाउंट थिएटर या नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखविण्याचे (डोअरकीपरचे) अर्धवेळ काम केले.

२०१२ साली त्यांनी हा खेळ ‘स्टीम’ या ऑनलाइन विक्रीमंचाच्या ‘ग्रीनलाइट’ योजनेत मतदानासाठी ठेवला. कोणते खेळ विक्रीस घ्यावेत, हे या योजनेत वाचकमताप्रमाणे खेळाडूंच्या मतांवर ठरे. पुढे ‘चकलफिश’ या लंडनस्थित संस्थेने प्रकाशनाची व प्रसिद्धीची जबाबदारी स्वीकारली. अपूर्ण खेळ आगाऊ विकून खर्च भागविण्याची सोय त्या काळी उपलब्ध होती. तथापि खेळ पूर्ण होण्यापूर्वी ग्राहकांकडून पैसे घेणे बॅरोन यांनी नाकारले. या निर्णयामुळे त्यांना मोबदल्यासाठी अखेरपर्यंत थांबावे लागले.

प्रकाशन व विक्री

२६ फेब्रुवारी २०१६ रोजी हा खेळ विंडोज संगणकांसाठी १४.९९ डॉलर किमतीस प्रकाशित झाला. दोन महिन्यांच्या आतच त्याच्या १० लाख प्रती विकल्या गेल्या. त्याच वर्षी प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन, २०१७ मध्ये निन्टेन्डो स्विच आणि २०१८–१९ मध्ये आयफोन व अँड्रॉइड भ्रमणध्वनी यांसाठी आवृत्त्या आल्या. २०१६ साली बॅरोन यांना गोल्डन जॉयस्टिक पुरस्कारांपैकी ‘ब्रेकथ्रू’ पुरस्कार मिळाला. २०१७ च्या बाफ्टा पुरस्कारांसाठी ‘सर्वोत्कृष्ट खेळ’ या विभागात ‘स्टारड्यू व्हॅली’ला नामांकन होते.

उत्पन्नाची रचना

छापील किंमत निर्मात्याच्या हाती संपूर्णपणे पडत नाही. स्टीमसारखा विक्रीमंच सामान्यतः विक्रीच्या ३० टक्के रक्कम स्वतःकडे ठेवतो. प्रकाशक असल्यास त्याचा वाटा आणि शासनाचे कर यांनंतर जे उरते, ते निर्मात्याचे उत्पन्न होय. २०१८ साली स्टीमने एक कोटी डॉलरपेक्षा अधिक उत्पन्न मिळविणाऱ्या खेळांसाठी हे प्रमाण २५ टक्के आणि पाच कोटींच्या पुढे २० टक्के केले. बहुतेक स्वतंत्र निर्माते या मर्यादेपर्यंत पोहोचत नसल्याने त्यांना ३० टक्के दरच लागू राहतो.

‘स्टारड्यू व्हॅली’ एकदाच विकत घ्यावयाचा खेळ आहे. त्यात जाहिराती नाहीत आणि खेळता खेळता वस्तू विकत घेण्याची सोयही नाही. नव्या भरीसाठी वेगळे मूल्य आकारले जात नाही. मार्च २०२४ मध्ये आलेली १.६ ही मोठी आवृत्तीही विनामूल्य होती. अशा सुधारणांमुळे जुना खेळ चर्चेत राहतो व नवे ग्राहक मिळतात. २०१८ च्या अखेरीस बॅरोन यांनी बहुतेक मंचांवरील प्रकाशन स्वतःकडे घेतले. संगीतसंग्रह, २०२१ चा पटावरील खेळ, २०२४ चे पाककृतींचे पुस्तक आणि वाद्यवृंदाचे कार्यक्रम ही या खेळाशी निगडित अन्य उत्पादने होत.

नंतरचे कार्य

आरंभी एकट्याने केलेल्या कामात पुढे काही साहाय्यक सहभागी झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये बॅरोन यांनी ‘हॉन्टेड चॉकलेटिअर’ हा आपला पुढील खेळ जाहीर केला.

मूल्यमापन

पत्रकार जेसन श्रायर यांच्या ‘ब्लड, स्वेट अँड पिक्सेल्स’ (२०१७) या पुस्तकात या खेळाच्या निर्मितीवर स्वतंत्र प्रकरण आहे. बॅरोन यांचे यश हा स्वतंत्र निर्मात्यांच्या अनुभवातील अपवाद आहे. २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८ हजारांहून अधिक खेळ प्रकाशित झाले, आणि इतक्या गर्दीत बहुसंख्य खेळांकडे फारच थोड्या ग्राहकांचे लक्ष जाते. निर्मितीकाळातील खर्चासाठी काही निर्माते लोकवर्गणीचा मार्ग स्वीकारतात. ‘अंडरटेल’ (२०१५) या खेळासाठी टोबी फॉक्स यांनी २०१३ साली किकस्टार्टर या संकेतस्थळावर ५१ हजारांहून अधिक डॉलर जमविले. उलट, पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) या खेळासाठी तेथेच केलेले आवाहन उद्दिष्टापर्यंत पोहोचले नाही, खेळ अन्य मार्गांनी पूर्ण करावा लागला. बॅरोन यांनी लोकवर्गणी घेतली नाही. त्यांच्या बाबतीत ही उणीव जोडीदाराच्या कमाईने भरून काढली. त्यामुळे ‘एकट्याने घडविलेला खेळ’ हे वर्णन निर्मितीपुरते यथार्थ असले, तरी त्यामागील उपजीविकेची जबाबदारी दोघांनी मिळून वाहिली होती.