सायकलच्या बुटाची गोष्ट: खिळ्यापासून कार्बनपर्यंत

आजचा विषय आहे सायकलचा बूट.

सायकल घेताना फ्रेम, गिअर, टायर यांवर आपण महिनोन्‌महिने चर्चा करतो. बूट मात्र नेहमीच्या नंबरचा मागवतो आणि मोकळे होतो. मग साठ-सत्तर किलोमीटरनंतर बोटं बधिर होतात, चवड्याखाली आग व्हायला लागते, कधी गुडघाच कुरकुरतो. आणि प्रश्न पडतो, ‘नंबर तर बरोबर आहे, मग दुखतंय का?’

याचं उत्तर बऱ्याच अंशी इतिहासात आहे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत बुटाने पायाला पेडलशी अधिकाधिक घट्ट बांधत नेलं. वेग वाढला, ताकद वाया जाणं कमी झालं. पण बांधणी जितकी घट्ट झाली, तितकी मापातली चूक महाग पडायला लागली. आजचा भाग याच गोष्टीचा.

सुरुवात करू १९१३ पासून. तूर द फ्रान्स ही शर्यत. पिरेनीज पर्वतातला तुर्माले घाट उतरताना एजेन क्रिस्तोफ या फ्रेंच सायकलपटूच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. नियम असा, की दुरुस्ती स्वतःच करायची. क्रिस्तोफ सायकल घेऊन दहा किलोमीटरहून जास्त चालत खाली सेंत-मारी-द-काम्पान या गावात आला, लोहाराच्या भट्टीवर स्वतः चिमटा जोडला आणि पुढे निघाला. भट्टीचा भाता एका मुलाने हलवला, म्हणून वर त्याला वेळेचा दंडही झाला! ही गोष्ट सायकलप्रेमींना तोंडपाठ असते. आपण त्यातल्या पायांकडे बघू. शर्यतीतल्याच बुटांनी हा माणूस घाट उतरून आला. ते चामड्याचे बूट होते. त्यात सायकलही चालवता यायची आणि वेळ आली तर मैलोन्‌मैल चालताही यायचं. आजच्या शर्यतीच्या बुटात कॉफीच्या टपरीपर्यंत गेलं तरी आपण बदकासारखे चालतो.

गंमत म्हणजे याच क्रिस्तोफचं नाव पुढे एका वेगळ्या वस्तूवर आलं. टो-क्लिप आणि तिचा चामडी पट्टा. पेडलच्या पुढे लावलेला पोलादी पिंजरा, त्यात बुटाचं टोक घालायचं आणि वरून पट्टा आवळायचा. ‘क्रिस्तोफ’ नावाच्या टो-क्लिपा आणि पट्टे पुढची कित्येक दशकं विकले गेले. पाय पेडलवरून घसरू नये, एवढाच हेतू. पण पायाला बांधायची सुरुवात इथे झाली.

पुढची पायरी होती क्लीट. बुटाच्या तळाला, चवड्याखाली, खाच असलेली एक पट्टी ठोकायची. ती खाच पेडलच्या पिंजऱ्याच्या कडेवर बसते आणि वरून पट्टा आवळला की पाय मागे सरकत नाही. ही पट्टी खिळ्यांनी ठोकली जायची. एकदा ठोकली की ठोकली. वाकडी बसली तर खिळे उपटायचे आणि पुन्हा ठोकायचे.

मग ती ठोकायची कुठे? इथे त्या पिढ्यांची एक फार शहाणी पद्धत होती. नवा बूट आणला की पहिले काही दिवस तो क्लीटशिवाय चालवायचा. पेडलच्या कडेचा वळ चामडी तळावर आपोआप उमटायचा. ज्याचा पाय सरळ त्याचा वळ सरळ, ज्याची टाच आत वळते त्याचा वळ थोडा तिरका. त्या वळावरच क्लीट ठोकायची. म्हणजे पाय नैसर्गिकपणे कुठे आणि कसा टेकतो, हे आधी पायालाच विचारलं जायचं.

बुटाच्या मापाचंही तसंच. चामडं ताणतं. म्हणून बरेच सायकलपटू बूट थोडा घट्टच घ्यायचे. घामाने, पावसाने, रोजच्या वापराने तो पायाच्या आकाराचा व्हायचा. तळ फार कडक नसायचा, त्यामुळे ताकदीचा काही भाग वाकण्यात जायचा. पण मापातली छोटी चूक चामडं सांभाळून घ्यायचं. एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला, तोही याच टो-क्लिप-पट्ट्याच्या जमान्यात.

सत्तरच्या दशकात चित्र बदलायला लागलं. इटलीत चिनेली कंपनीने १९७१ मध्ये एम-७१ नावाचं पेडल आणलं. पट्टा नाही, क्लीट थेट पेडलमध्ये अडकते. पण पाय सोडवायला खाली वाकून हाताने खटका ओढावा लागायचा! रस्त्यावर ते चालणं शक्यच नव्हतं. दुसरीकडे दिनो सिन्योरी यांची सिदी ही इटालियन कंपनी. सिदीने १९७३ मध्ये पुढे-मागे सरकवता येणारी क्लीट आणली. खिळ्यांऐवजी स्क्रू. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चूक दुरुस्त करायची सोय बुटातच आली, हे मोठं पाऊल होतं.

आता येतो या गोष्टीतला गुडघा. बर्नार इनो, पाच वेळा तूर जिंकलेला फ्रेंच सायकलपटू. १९८० मध्ये पिवळी जर्सी अंगावर असताना गुडघ्याच्या दुखण्याने त्याला शर्यत अर्धवट सोडावी लागली. १९८३ मध्ये पुन्हा गुडघा, त्या वर्षीची तूर हुकली आणि शस्त्रक्रिया झाली. याला बूट कारणीभूत होता, असं मी म्हणत नाही. थंडी-पाऊस, शर्यतींचा ताण, सगळंच त्यात होतं. पण इतक्या मोठ्या खेळाडूचं करिअर एका सांध्यावर कसं अडू शकतं, हे सगळ्यांनी पाहिलं.

हाच इनो पुढच्या क्रांतीचा चेहरा झाला. फ्रान्समध्ये नेव्हेर या गावी लुक नावाची कंपनी बर्फावरच्या स्कीची बंधनं बनवायची. स्कीइंग करताना माणूस पडला, की पाय स्कीपासून सुटला पाहिजे, नाहीतर हाड मोडतं. हीच कल्पना त्यांनी पेडलला लावली. क्लीट पुढून अडकवायची, मागे दाब दिला की खट्‌कन बसते. सोडवायची असेल तर टाच बाहेर फिरवायची. हात लावायची गरजच नाही. हे पेडल १९८४ मध्ये आलं आणि १९८५ ची तूर इनोने त्यावर जिंकली. काही वर्षांतच टो-क्लिपा शर्यतींतून नाहीशा झाल्या.

पण सुरुवातीच्या या पेडलमध्ये पाय एकाच कोनात पक्का बसायचा. पट्ट्याच्या काळात चामडं आणि पट्टा थोडी हालचाल करू द्यायचे, ती बंद झाली. जरा हिशोब करा. मिनिटाला ८० फेरे धरले तर तासाला ४८००. आठ तासांत प्रत्येक पायाचे ३८,४०० फेरे. टाच तिच्या नैसर्गिक जागेपेक्षा दोन-तीन अंश चुकीच्या कोनात अडकली असेल, तर ती चूक गुडघा तितक्या वेळा सोसतो.

म्हणून पुढचा शोध हालचालीचाच होता. टाच डावी-उजवीकडे थोडी मोकळी फिरावी, यासाठी इंग्रजीत ‘फ्लोट’ म्हणतात. लुकच्या पेडलमागचे इंजिनिअर झाँ बेल हेच पुढे टाइम या नव्या कंपनीच्या पेडलमागे होते आणि त्यात ही मोकळीक होती. आज दुकानात क्लीटचे रंग दिसतात ना, ते शोभेचे नाहीत. शिमानोच्या रोड क्लीटमध्ये लाल म्हणजे शून्य अंश, निळी दोन, पिवळी सहा. लुकच्या केओमध्ये काळी शून्य, करडी साडेचार, लाल नऊ. म्हणजे एका कंपनीची लाल सगळ्यात घट्ट, दुसरीची लाल सगळ्यात मोकळी! रंग बघून घेऊ नका, अंश बघून घ्या.

क्लीटचा प्रश्न असा बराचसा सुटला. बुटाचा मात्र वाढला. क्लीट लहान, ताकद एका छोट्या जागेवर येणार, म्हणून तळ कडक हवा. चामडं गेलं, प्लास्टिक आलं, मग कार्बन. वरचा भागही कृत्रिम, न ताणणारा. दाबलेली सगळी ताकद पेडलमध्ये जायला लागली. पण कार्बन ताणत नाही, वाकत नाही. चवड्याची हाडं आणि त्यांच्यामधल्या नसा अरुंद बुटात दाबल्या गेल्या, की बधिरपणा आणि आग ठरलेली. ‘वापरून वापरून सैल होईल’ हा आजोबांचा सल्ला चामड्यासाठी खरा होता. कार्बनला तो लागू होत नाही.

आता त्या नंबराकडे येऊ. युरोपियन नंबर मोजतात ‘पॅरिस पॉइंट’मध्ये. एक पॉइंट म्हणजे दोन-तृतीयांश सेंटीमीटर. ४२ नंबर म्हणजे साधारण २८ सेंटीमीटर. पण ही लांबी पायाची नाही, ज्या ठोकळ्यावर बूट बेततात त्या कलबुताची. बोटांपुढे किती जागा धरायची, हे प्रत्येक कंपनी आपल्या हिशोबाने ठरवते. आपल्याकडे दुकानात चालणारे सात, आठ, नऊ हे इंग्रजी नंबर तर जवाच्या दाण्यांवरून आले. तीन दाणे म्हणजे एक इंच, आणि एक नंबर म्हणजे एक दाणा! या दोन्ही पद्धतींत नुसत्या नंबरावरून लांबीच कळते. रुंदी कळत नाही.

हे अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉकने १९२० च्या दशकातच ओळखलं होतं. त्याने बनवलेल्या धातूच्या मापपट्टीवर तीन मापं मिळतात: पायाची लांबी, रुंदी, आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर. सायकलसाठी हे तिसरं माप फार कामाचं, कारण क्लीट चवड्याखाली येते. दोघांचा नंबर ४२, पण एकाची बोटं लांब आणि दुसऱ्याची आखूड, तर क्लीटची जागा वेगळीच येणार.

मधल्या काळात थोडा उलटा प्रवासही झाला. शिमानोने १९९० मध्ये एसपीडी आणलं. लहान क्लीट, तळाच्या खाचेत लपलेली. पुन्हा चालता यायला लागलं! मग उष्णतेने मऊ करून पायाच्या आकाराचे करता येणारे बूट आले. नाडीचे बूटही परतले, कारण नाडी प्रत्येक भोकापाशी वेगळी आवळता येते. क्रिस्तोफच्या काळात जे चामड्यामुळे फुकट मिळायचं, ते आता तंत्रज्ञानाने परत आणावं लागतंय.

मग घेताना करायचं काय? संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, कागदावर उभं राहून दोन्ही पायांची बाह्यरेषा काढा. लांबी मोजा, चवड्याची रुंदीही मोजा. दोन्ही पाय सहसा सारखे नसतात, मोठा पाय धरून बूट घ्या. बुटातला आतला तळ काढून त्यावर उभे राहा. चवडा बाहेर सांडत असेल तर तो बूट तुमचा नाही, मग सवलत कितीही असो. सायकलचेच मोजे घालून बघा. बोटं हलली पाहिजेत, टाच उचलली जाता कामा नये. पट्टा किंवा चकती शेवटपर्यंत आवळल्यावरच पाय स्थिर होत असेल, तर बूट मोठा आहे. दुकानात पंधरा-वीस मिनिटं घालून बसा, दुकानदार काही म्हणणार नाही. अरुंद वाटला तर लांबीत एक नंबर वाढवू नका, त्याच बुटाचा रुंद प्रकार मागा. लांबी वाढवली की चवडा आणि क्लीट दोन्ही जागेवरून सरकतात.

आपल्याकडे २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. एप्रिलच्या उन्हात पाय दुपारी सकाळपेक्षा मोठा झालेला असतो. सकाळी सहाला जेमतेम बसणारा बूट दुपारी दोनला चिमट्यासारखा धरतो. पाय सुन्न झाले की माणूस पाय वेगळा टेकवायला लागतो, आणि मग गुडघ्याची पाळी येते. शर्यत सोडणारे बरेचदा दमलेले नसतात, पायांना कंटाळलेले असतात.

तेव्हा नव्या चाकांसाठी पैसे साठवत असाल, तर थोडे बाजूला काढा आणि आधी पाय मोजून या. तुमचे बुटांचे अनुभव खाली जरूर लिहा, विशेषतः रुंद पायवाल्यांनी. भेटू पुढच्या भागात.