ग्रंथालय-प्रणालींची स्वयंचलित उभारणी

ग्रंथनोंद, देवघेव, सभासदनोंद इ. कामे करणारी आज्ञावली सर्व्हरवर हाताने न बसविता, आधी लिहून ठेवलेल्या विन्यासपत्रकानुसार साधनाकडून बसवून घेण्याची पद्धती.

न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या ग्रंथालय-न्यासाची जुनी संगणकप्रणाली इ. स. २००० च्या वर्षबदलात टिकणार नव्हती आणि नवी प्रणाली विकत घेणे खर्चाचे होते. म्हणून न्यासाने कॅटिपो कम्युनिकेशन्स या संस्थेकडून नवी प्रणाली तयार करवून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती कार्यान्वित झाली आणि त्याच वर्षी सर्वांसाठी खुली करण्यात आली. तिला ‘कोहा’ हे नाव देण्यात आले. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट किंवा देणगी असा होतो. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील ‘पाइन्स’ या सार्वजनिक ग्रंथालयांच्या संघाने ‘एव्हरग्रीन’ ही दुसरी मुक्त प्रणाली सप्टेंबर २००६ मध्ये वापरात आणली.

आज्ञावली विनामूल्य मिळाली, तरी ती उभारणे सोपे नव्हते. कोहासाठी पर्ल भाषेचे अनेक घटक, मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हा डेटाबेस, अपाची हा वेबसर्व्हर व शोधासाठी झेब्रा ही अनुक्रमणी एकमेकांशी जुळवावी लागतात. हे काम हाताने केल्यास त्याचे ज्ञान बहुधा एकाच तंत्रज्ञाच्या स्मरणात राहते. तो गेल्यावर किंवा यंत्र बिघडल्यावर तशीच रचना पुन्हा करणे अवघड होते. विक्रेत्यावरील अवलंबित्व जाऊन व्यक्तीवरील अवलंबित्व येते.

या अडचणीवरील उपाय ग्रंथालयक्षेत्राबाहेर निर्माण झाला. ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ‘सीएफएंजिन’ हे साधन तयार केले. संगणक कोणत्या स्थितीत असावा, हे लिहून द्यावे व साधनाने त्याला त्या स्थितीत आणावे, हे त्याचे सूत्र होय. पुढे ‘पपेट’ (२००५), ‘शेफ’ (२००९) व ‘अ‍ॅन्सिबल’ (२०१२) ही साधने आली. यांपैकी अ‍ॅन्सिबलसाठी दूरस्थ संगणकावर वेगळा हस्तक बसवावा लागत नाही. सुरक्षित संपर्कमार्गाने ते पत्रकातील कामे क्रमाने पार पाडते. पत्रक नीट लिहिलेले असल्यास ते पुन्हा चालविले, तरी योग्य स्थितीतील घटकांना धक्का लागत नाही.

कोहाचे घटक डेबियन या कार्यप्रणालीसाठी संचरूपात उपलब्ध झाल्यामुळे अशी पत्रके लिहिणे सुकर झाले. कोहाच्या विकसकांसाठी तयार केलेल्या ‘कोहाडेव्हबॉक्स’ या संचातही अ‍ॅन्सिबलचा उपयोग करण्यात आला.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. पत्रकातील चूक एकाच वेळी सर्व सर्व्हरांवर पसरू शकते. म्हणून त्याची चाचणी आधी वेगळ्या संगणकावर घेणे इष्ट असते. परवलीचे शब्द पत्रकात उघडे न ठेवता सांकेतिक रूपात ठेवावे लागतात. तसेच पत्रकामुळे यंत्रणा पुन्हा उभी राहते, पण ग्रंथांच्या व देवघेवीच्या नोंदी परत येत नाहीत. त्यांच्या प्रती नियमितपणे स्वतंत्र ठिकाणी राखणे आवश्यक असते. ही दक्षता घेतल्यास, थोड्या कर्मचाऱ्यांच्या ग्रंथालयालाही आपली प्रणाली स्वतःच्या ताब्यात ठेवणे शक्य होते. मुक्त आज्ञावलीचा मूळ हेतू त्यामुळेच प्रत्यक्षात साध्य होतो.