नागरी वाहनतळांवरील परवडणारी घरे

शहराच्या मुख्य बाजारपेठेत नगरपालिकेच्या मालकीची उघडी वाहनतळे असतात. त्या जागांवर अल्प उत्पन्न गटांसाठी भाड्याच्या घरांच्या इमारती बांधण्याची ही गृहनिर्माण-पद्धती. गाड्या तळमजल्यावर किंवा शेजारच्या बहुमजली पार्किंगमध्ये जातात, वरच्या मजल्यांवर माणसे राहतात आणि जमीन शहराच्याच नावावर राहते. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, गेल्या दहा-पंधरा वर्षांत ही पद्धती पुढे आली. जर्मनीतील म्युनिक शहरानेही ती यशस्वीपणे वापरली आहे.

ही वाहनतळे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातली. मोटारी घरोघरी आल्या, तशी गावाबाहेर ऐसपैस पार्किंग असलेली विक्री-संकुले निघाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला मेन्लो पार्क हे लहानसे शहर आहे. त्याच्या शेजारीच १९५५ साली स्टॅनफर्ड शॉपिंग सेंटर उघडले. जुन्या पेठांतल्या दुकानदारांना गिऱ्हाईक टिकवायचे तर गाडी लावायला जागा देणे भाग होते. म्हणून अशा अनेक शहरांनी दुकानांच्या मागचे भूखंड मिळवून तिथे डांबर घातले. पुष्कळ ठिकाणी त्याचा खर्च आसपासच्या मालमत्ताधारकांवर विशेष आकारणी बसवून वसूल केला. मेन्लो पार्कमधल्या ज्या न्यायालयीन वादाचा उल्लेख पुढे येतो, त्याचे मूळ या आकारणीत आहे.

या जागांवर स्वस्त घरे उभी राहू शकतात, याचे मुख्य कारण जमिनीची किंमत. सिलिकॉन व्हॅलीत भूखंड विकत घेऊन अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला पेलेल अशा भाड्याचे घर बांधणे जवळपास अशक्य असते. शहराने जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने नाममात्र मोबदल्यात दिली, की तो बोजा उतरतो. बांधकामाचा पैसा प्रामुख्याने १९८६ साली सुरू झालेल्या केंद्रीय करसवलत योजनेतून उभा राहतो, आणि त्यात राज्य, जिल्हा व शहर यांच्या निधीची भर पडते. बांधणारी संस्था बहुधा ना-नफा असते. भाडे साधारणपणे कुटुंबाच्या उत्पन्नाच्या तीस टक्क्यांच्या हिशेबाने ठरते. सगळ्यात महाग पडते ते हटवलेले पार्किंग पुन्हा बांधून देणे. बहुमजली पार्किंगमधल्या एकेका गाडीच्या जागेला हजारो डॉलर लागतात, आणि गृहनिर्माणाचा निधी तिकडे वळला की घरे कमी होतात. फुकट पार्किंग खरे तर फुकट नसते, त्याचा खर्च वस्तूंच्या किमतीत आणि घरभाड्यात दडलेला असतो, हे डोनाल्ड शूप यांनी ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ (२००५) या ग्रंथात मांडले. कॅलिफोर्नियाने २०२२ साली कायदा करून मुख्य सार्वजनिक वाहतूक थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या आतील बहुतेक बांधकामांना असलेली किमान पार्किंगची सक्ती उठवली, त्यामागे हाच विचार होता.

मेन्लो पार्कचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. कॅलिफोर्नियात दर आठ वर्षांनी प्रत्येक शहराला किती घरांसाठी वाव द्यायचा, याचा आकडा ठरवून दिला जातो. २०२३ ते २०३१ या काळासाठी मेन्लो पार्कच्या वाट्याला २,९४६ घरे आली. त्यांपैकी ७४० घरे ‘अति-अल्प’ उत्पन्न गटासाठी, म्हणजे परिसरातील मध्यम उत्पन्नाच्या निम्म्याहून कमी मिळकत असलेल्यांसाठी होती. या भागात वर्षाला सुमारे ९०,००० डॉलर मिळवणारे चौघांचे कुटुंबही याच गटात बसते. शाळेतले मदतनीस, स्वयंपाकी, वृद्धांची शुश्रूषा करणारे हे सगळे त्यात येतात. ते या शहरात रोज कामाला येतात, पण इथे राहू शकत नाहीत. शहराने आपल्या गृहनिर्माण आराखड्यात सांताक्रूझ अॅव्हेन्यूच्या पेठेमागील वाहनतळांवर अति-अल्प उत्पन्न गटासाठी किमान ३४५ घरे बांधण्याचे ठरवले. पुढे त्यासाठी पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाची वाहनतळे निवडली. कॅलट्रेन रेल्वेचे स्थानक तिथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

जागेच्या या निवडीला सामाजिक अर्थही आहे. १०१ महामार्गाच्या पूर्वेकडील बेल हेवन ही कामगारांची, मुख्यतः लॅटिनो व कृष्णवर्णीय कुटुंबांची वस्ती. नव्या बांधकामाचा मोठा भार दीर्घकाळ त्याच बाजूला पडत आला. गरिबांची घरे सुस्थित भागातही व्हावीत, असा आराखडा शहरांनी आखावा, हे बंधन राज्याने २०१८ च्या कायद्याने घातले. पेठेतली वाहनतळे या कसोटीला नेमकी उतरतात.

दुकानदारांनी आणि काही रहिवाशांनी ‘सेव्ह डाउनटाउन मेन्लो’ हा गट काढून विरोध केला. २०२५ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले. वाहनतळे मालमत्ताधारकांच्या पैशातून उभी राहिली, त्यामुळे शहराला ती परस्पर दुसऱ्या कामाला लावता येणार नाहीत, हा त्यांचा मुख्य मुद्दा. असा निर्णय मतदारांच्या संमतीवाचून होऊ नये, यासाठी सह्यांची मोहीमही झाली. दुकानदारांची भीती खरी आहे. बांधकाम चालू असताना गिऱ्हाईक तुटले, तर लहान दुकान ते सावरू शकत नाही. म्हणून टप्प्याटप्प्याने काम करणे आणि आधी पर्यायी पार्किंग देणे ही शहराची जबाबदारीच ठरते. मात्र पार्किंग दुसरीकडे आणि उंच बांधता येते. पेठेत, स्थानकाजवळ, शहराच्या मालकीची दुसरी जमीन आणायची कुठून? या प्रश्नाला विरोधकांनी समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

जवळच्या सॅन मटेओ शहराने हे करून दाखवले आहे. तिथे शहराच्या मालकीच्या पेठेतील जागांवर मिडपेन हाउसिंग या ना-नफा संस्थेने ‘किकू क्रॉसिंग’ ही २२५ घरांची वसाहत उभारली आणि जवळच बहुमजली सार्वजनिक पार्किंगही बांधले. सांताक्रूझ या वेगळ्या शहरात चौथ्या क्रमांकाच्या वाहनतळावर ग्रंथालय, पार्किंग आणि परवडणारी घरे एकत्र आणण्याची योजना होती. तिथे शेतकरी बाजार भरत असे आणि जुनी झाडेही होती, त्यामुळे विरोध तीव्र होता. योजना रोखण्यासाठी मांडलेला ‘मेझर ओ’ हा प्रस्ताव मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये फेटाळला.

वाहनतळ जागच्या जागी ठेवून अक्षरशः त्याच्या वर बांधण्याचे ठळक उदाहरण म्युनिकचे. दांतेबाड या सार्वजनिक जलतरण तलावाच्या वाहनतळावर २०१६ साली गेवोफाग या नगर-मालकीच्या गृहनिर्माण कंपनीने वास्तुविशारद फ्लोरियान नागलर यांच्या आराखड्यानुसार १०० घरे बांधली. खाली काँक्रीटचे खांब आणि त्यांवर पेललेला सपाट मंच, वर कारखान्यात तयार केलेल्या लाकडी भागांचे मजले. त्यामुळे काम सुमारे वर्षभरात आटोपले आणि खालच्या गाड्यांच्या जागा जवळजवळ सगळ्या शाबूत राहिल्या. अल्प उत्पन्नाचे स्थानिक रहिवासी आणि आश्रय मिळालेले निर्वासित इथे शेजारी म्हणून राहतात. पुढे जवळच रायनमारप्लात्स येथे याच धर्तीची दुसरी इमारत उभी राहिली.