दहा वाजून एकवीस मिनिटं

खाली दिलेलं वेळापत्रक ७ फेब्रुवारी २०२१ च्या सकाळी कुणाहीजवळ नव्हतं. उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात जे व्हायचं ते होऊन गेल्यावर भूकंपमापकांच्या नोंदी, उपग्रहांनी टिपलेली छायाचित्रं आणि गावकऱ्यांनी मोबाइलवर काढलेले व्हिडिओ जुळवून शास्त्रज्ञांनी ते मागून पुढे नव्हे, पुढून मागे असं बांधत नेलं. म्हणून वाचताना प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारत जावं: त्या क्षणी हे पाहत कोण होतं?

सप्टेंबर-ऑक्टोबर २०१६ : चार वर्षं चार महिने बाकी

नंदादेवीच्या परिसरात रोंटी नावाचं ६,०६३ मीटर उंचीचं शिखर आहे. त्याच्या पायथ्याशी रोंटी गाडचं अरुंद, निर्मनुष्य खोरं. (गाड म्हणजे तिकडचा डोंगरी ओढा.) तिथल्या एका उतारावरून त्या वर्षी दीड ते दोन कोटी घनमीटर बर्फ खाली आला. कधी? १९ सप्टेंबरच्या छायाचित्रात तो वर आहे, ९ ऑक्टोबरच्या छायाचित्रात खाली. एवढंच सांगता येतं. खोऱ्यात माणूस नसल्याने ना कुणी मेलं, ना कुठे बातमी आली.

त्याच सुमारास शेजारच्या उतारावर एक भेग रुंदावू लागली होती. रोंटीच्या उत्तरेकडच्या कड्याला चिकटलेली हिमनदी आणि तिच्याखालचा खडक डोंगरापासून सुटत चालला होता. पुढच्या काही वर्षांत ही भेग जास्तीत जास्त सुमारे ८० मीटर रुंद झाली. ८० मीटर म्हणजे फट नव्हे, दरीच. युरोपीय सेंटिनेल-२ उपग्रहांच्या छायाचित्रात एक ठिपका दहा मीटरचा असतो; तेवढ्या जाडसर चित्रातही ती ओळखता यावी. हे उपग्रह दर पाच दिवसांनी तिथून जात होते, ती चित्रं फुकट उपलब्ध होती, आजही आहेत. अडचण असलीच तर एक: उत्तरेकडे तोंड केलेल्या कड्यावर हिवाळ्यात ऊन पोचत नाही, त्यामुळे वर्षातले काही महिने तो सावलीतच बुडालेला असतो. पण उन्हाळ्यातली चित्रं स्वच्छ होती. ती उघडून पाहावीत असं कुणाला वाटायला काही निमित्त नव्हतं. हिमालयात असे कडे हजारोंनी आहेत.

खाली मात्र निमित्त होतं. ऋषिगंगेवर रैणी गावाजवळ १३.२ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प उभा होता आणि तिथून आणखी दहाएक किलोमीटर खाली, धौलीगंगेवर, ५२० मेगावॉटच्या तपोवन-विष्णुगाड प्रकल्पाचं बांधकाम चाललं होतं. २०१३ च्या केदारनाथ प्रलयानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या रवी चोप्रा समितीने २०१४ मध्ये बजावलं होतं की हिमनद्या मागे हटून मोकळ्या झालेल्या, अजून न स्थिरावलेल्या उंच पट्ट्यात धरणं बांधू नयेत. ‘चिपको’च्या इतिहासातलं रैणी ते हेच. १९७४ साली गौरा देवींनी गावच्या बायका सोबत घेऊन झाडतोड रोखली ती इथे.

४ फेब्रुवारी २०२१ : ७२ तास बाकी

पश्चिमेकडून आलेल्या थंडीतल्या वादळी हवेने वरच्या भागात बर्फ पडायला लागला. दोन दिवस पडत राहिला. भेगेच्या अलीकडच्या भागावर तेवढंच ओझं वाढलं. कडा सुटला तो त्यामुळेच, असं म्हणता येणार नाही. वर्षानुवर्षं जे सरकत होतं त्याला शेवटचा धक्का नेमका कशाने बसला, हे एका कारणावर ढकलता येत नाही.

६ फेब्रुवारी : २४ तास बाकी

हवा उघडली. प्लॅनेट या खासगी कंपनीचे छोटे उपग्रह रोज पृथ्वीची छायाचित्रं घेतात, एका ठिपक्यात साधारण तीन मीटर. त्या दिवशीच्या चित्रात रोंटीचा कडा जागेवर आहे. हे चित्र दुसऱ्या दिवशी जगभर फिरलं, डावीकडे ‘आधी’ म्हणून.

७ फेब्रुवारी, सकाळ : अडीच तास बाकी

रविवार. देहरादूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेची भूकंपमापक यंत्रं या भागात आहेत. संस्थेच्या संशोधकांनी नंतर त्या नोंदी बारकाईने तपासल्या, तेव्हा मुख्य दरड सुटण्याआधी सुमारे अडीच तासांपासून बारीक कंपनांची रांग लागलेली आढळली. डोंगर आतून तुटत होता आणि नोंदीत त्याची रेघ उमटत होती. इतकी क्षीण रेघ, की शेवट माहीत असल्याशिवाय तिचा अर्थ लागणं अवघड. भूकंपमापकावर रोज असली शेकडो कंपनं येतात.

तपोवनला रविवार असूनही मजूर बोगद्यात उतरले होते.

सकाळी १०:२१

सुमारे ५,५०० मीटर उंचीवरून ५५० मीटर रुंद आणि जागोजागी १८० मीटरपर्यंत जाड अशी डोंगराची पाचर एकसंध सुटली. घनफळ दोन कोटी सत्तर लाख घनमीटर. त्यातला ८० टक्के खडक, २० टक्के बर्फ. ती जवळपास १,८०० मीटर खाली खोऱ्याच्या तळावर आदळली, तोवर वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे गेला होता. पुढे ढकललेल्या हवेच्या झोतानेच सुमारे २० हेक्टर जंगल आडवं झालं. त्या झाडांना दगड लागलाच नव्हता.

इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच झाला. निव्वळ खडक कोसळला असता तर तो काही किलोमीटरवर ढिगारा होऊन बसला असता. निव्वळ बर्फ असता तर २०१६ सारखा तळाशी पडून राहिला असता. पण एवढ्या उंचीवरून पडताना खडक खडकावर घासून जी उष्णता निघाली, तिने मिश्रणातला जवळजवळ सगळा बर्फ वितळवला. पडायला सुरुवात झाली तेव्हा ती दरड होती, खाली येईतो तिचा पूर झाला. वर कुठे सरोवर फुटलं नव्हतं. पाणी दरडीनेच वाटेत तयार केलं.

त्यानंतरची मिनिटं

जवळपास शंभर किलोमीटरवरच्या भूकंपमापकांपर्यंत हा धक्का पोचला होता. संगणक त्या वेळी तेच शोधत असता तर पहिल्या काही मिनिटांत इशारा देता आला असता, असं एका संशोधक गटाने त्याच वर्षी मांडलं. तेव्हा तसं शोधणारं काहीच नव्हतं.

सकाळी साडेदहाच्या सुमाराची वेळ बऱ्याच उपग्रहांना सोयीची असते. ऊन पुरेसं, ढग कमी. त्यामुळे एक विलक्षण योग जुळला. दरड कोसळल्यावर थोड्याच वेळात प्लॅनेटचे उपग्रह वरून गेले आणि खोऱ्यात भरून राहिलेला धुळीचा ढग चित्रात आला. दुर्घटना चालू असतानाच तिचं छायाचित्र अवकाशात निघत होतं आणि त्याच वेळी खाली रैणीच्या वरच्या उतारावरची माणसं मोबाइल धरून ओरडत होती: भागो, भागो. व्हिडिओत दिसतं की पात्रातल्या माणसांना लाट वळणावर येईपर्यंत काही कळलेलंच नाही.

रैणीचा प्रकल्प मुळासकट गेला. जोशीमठ-मलारी रस्त्यावरचा ९० मीटरचा पूल गेला आणि नदीपलीकडची गावं तुटली. त्या वेळी लोंढ्याचा वेग सेकंदाला सुमारे २५ मीटर होता; तपोवनपर्यंत तो मंदावला, तरी धावत्या माणसाला गाठायला पुरेसा होता. बंधारा गाळाने आणि शिळांनी भरला. बोगद्यांच्या तोंडातून चिखल आत शिरला.

सकाळी ११

जोशीमठला केंद्रीय जल आयोगाच्या केंद्रावर पाण्याची पातळी १,३८८ मीटर नोंदली गेली. २०१३ च्या महापुरातली उच्चांकी पातळी होती १,३८५.५४ मीटर. १,३८८ ची ही नोंद फेब्रुवारीतली, म्हणजे नदी वर्षातली सर्वात आटलेली असते तेव्हाची.

दुपार ते रात्र

वाहिन्यांवर ‘हिमकडा कोसळला’ आणि ‘हिमसरोवर फुटलं’ दोन्ही आलटून पालटून चालू होतं. १९६५ साली नंदादेवीवर हरवलेल्या अमेरिकन अणुयंत्राची आठवणही गावात निघाली. ते यंत्र खरोखर हरवलेलं आहे, पण या दरडीशी त्याचा संबंध दाखवणारं काही सापडलेलं नाही.

त्याच वेळी निरनिराळ्या देशांतले भूशास्त्रज्ञ ट्विटरवर ६ आणि ७ तारखेची चित्रं शेजारी शेजारी ठेवत होते. कॅल्गरी विद्यापीठाचे डॅन शुगर त्यांपैकी एक. जिथे काल पांढरं होतं तिथे आज काळी खोबण होती आणि तिथून धुळीचा पट्टा थेट खोऱ्यात उतरत होता. मग कुणीतरी जुनी चित्रं उघडली आणि भेग सापडली. चार वर्षांहून अधिक काळ पडून असलेली चित्रं वाचायला एक दिवस पुरला.

आपल्याकडे २०१४ मध्ये माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, ते जगाला कळलं एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या वाटेवर त्याला गाव दिसेना. दररोज त्याच वाटेने जाणाऱ्याला काय नाहीसं झालं ते कळतं. रोंटीवरून उपग्रह जात होते, पण ती वाट कुणाच्या नेहमीची नव्हती.

संध्याकाळी तपोवनच्या एका लहान बोगद्यातून भारत-तिबेट सीमा पोलिसांनी १२ मजुरांना जिवंत बाहेर काढलं. वर चढलेल्या चिखलात ते छताच्या सळ्या धरून लोंबकळत होते. एकाच्या मोबाइलला रेंज मिळाली, म्हणून ते आत आहेत हे कळलं. दुसऱ्या, मोठ्या बोगद्यात तिसाहून अधिक जण होते. तिथून कुणीही जिवंत आलं नाही. गाळ उपसण्याचं काम कित्येक आठवडे चाललं. एकूण मृत आणि बेपत्ता २०४.

पुढचे आठवडे

रोंटी गाडच्या मुखाशी साचलेल्या ढिगाऱ्याने ऋषिगंगा अडवली आणि मागे सरोवर तयार झालं. या वेळी मात्र उपग्रहांच्या प्रत्येक चित्राकडे डोळे लागले होते. सीमा पोलीस पायी तिथवर गेले, नौदलाच्या पाणबुड्यांनी हेलिकॉप्टरमधून उतरून खोली मोजली. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाने रैणीजवळ पाण्याच्या पातळीवर लक्ष ठेवणारं यंत्र आणि भोंगा बसवला. पाणी वाढलं तर लोकांना पाच ते सात मिनिटं मिळतील, असा त्याचा हिशेब होता.

१० जून २०२१ रोजी ५३ शास्त्रज्ञांच्या नावाने या दुर्घटनेवरचा मुख्य शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ‘सकाळी १०:२१’ ही वेळ, ते घनफळ, ते प्रमाण, सगळं त्यातलं. त्याच महिन्यात नदीने रैणीच्या खालचा उतार पुन्हा कापला, घरांना तडे गेले, गाव राहण्याजोगं उरलं नाही असं ठरलं आणि प्रशासनाने गौरा देवींचा पुतळा काढून जोशीमठला नेला.