अठराव्या वर्षीचा कारखानदार

शिकता शिकता स्वतःचा उद्योग उभारणारी मुले ही संगणकयुगाची देणगी आहे, असा समज आज रूढ झाला आहे. इतिहास मात्र निराळे सांगतो.

लंडनचा विल्यम हेन्री पर्किन १८५३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत दाखल झाला. दगडी कोळशाच्या डांबरातील द्रव्यांपासून हिवतापावरचे क्विनीन बनविता येईल, अशी त्याचे प्राध्यापक हॉफमन यांना आशा होती. १८५६ च्या ईस्टरच्या सुट्टीत पर्किनने घरच्या लहानशा प्रयोगशाळेत तो खटाटोप करून पाहिला. क्विनीन हाती आले नाही. पुढे ॲनिलीनवर तोच प्रयोग करता काळा साका मिळाला आणि मद्यार्कात त्यातून सुंदर जांभळा रंग उतरला. रेशमावर तो पक्का बसे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये या अठरा वर्षांच्या मुलाने त्याचे पेटंट घेतले.

कॉलेज सोडून कारखाना काढण्याचा बेत हॉफमन यांना मुळीच रुचला नाही. वडील बांधकामाच्या व्यवसायातले. मुलाने रसायनशास्त्राकडे वळावे हेच त्यांना मुळात पसंत नव्हते. तरीही त्यांनी आपली पुंजी या धाडसात घातली, थोरला भाऊ टॉमस सोबतीस आला आणि १८५७ मध्ये लंडनजवळ ग्रीनफर्ड येथे काम सुरू झाले. सुती कापडावर रंग टिकेना, तेव्हा त्यासाठी रंगबंधक शोधून पर्किनला रंगाऱ्यांना ती कृती स्वतः शिकवावी लागली.

या उद्योगाची झळ आपल्यापर्यंतही पोहोचली. कृत्रिम रंगांपुढे माळव्यातील आलीची लागवड आणि पुढे बंगाल-बिहारातील नीळ मागे पडली. बडोद्यात १८९० साली स्थापन झालेल्या कलाभवनात रंगकामाचे रसायनशास्त्र शिकविले जाऊ लागले, ते याच बदलत्या काळात.

पर्किन यांनी संशोधन कधीच सोडले नाही. १८७४ मध्ये, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, कारखाना विकून ते पूर्णवेळ प्रयोगशाळेत परतले. गुरूचा विरोध अनाठायी नव्हता. शिष्याने तो आयुष्यभर लक्षात ठेवला, एवढेच.

शासकीय सेवेत असताना उद्योगासाठीचे कर्जाचे अर्ज माझ्यासमोर येत. भांडवल, जागा, यंत्रसामग्री असे सारे रकाने त्यांत असत. ‘शिकणे पुढे चालू राहील काय?’ हा रकाना नसे. आज घरातील एखादा नातू उद्योगासाठी कॉलेज सोडण्याची परवानगी मागेल, तेव्हा त्याला नकार देण्यापूर्वी, अथवा त्याचे कौतुक करण्यापूर्वी, आपण तेवढा एक प्रश्न विचारावा.