उन्हाळा सरतानाच्या रात्री : अकोटच्या गाण्यांची एक यादी

इतिहासाच्या व्याख्यानमालेत प्लेलिस्ट कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात असेल. माझं उत्तर साधं आहे. यादी करायला बसलं की काय घ्यायचं, काय सोडायचं आणि कुणाला विचारायचं हे ठरवावं लागतं, आणि इतिहास लिहिताना आपण दुसरं काय करतो? आज एका गावाची, एका ऋतूची आणि फक्त रात्रीची यादी करून बघू. गाव अकोट. वेळ उन्हाळ्याचा शेवट.

आता, कोणता उन्हाळा? मोबाइलवर ‘लेट समर नाइट्स’ नावाच्या तयार याद्या मिळतात. त्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या असतात, म्हणजे युरोप-अमेरिकेच्या. ऑगस्टात आपल्याकडे पोळा असतो, कपाशीत डवरणी चाललेली असते, पायाला चिखल असतो. आपला सरता उन्हाळा म्हणजे आखाजीपासून मृगापर्यंतचा. ७ जूनला मृग लागतो, त्याच्या आधीचे चार-पाच आठवडे. पारा ४४-४५ वर. शेत मोकळं, कापूस विकून झालेला, लग्नं ओळीनं लागलेली. घरात झोपणं शक्य नाही, म्हणून बाजा अंगणात, खाटा रस्त्याच्या कडेला, बाकीचे गच्चीवर किंवा धाब्यावर. शहरातला माणूस रात्री ‘बाहेर पडतो’. अकोटात अख्खं गावच रात्री बाहेर असायचं. त्यामुळे तिथे रात्रीचं गाणं कुणा एकट्याचं नव्हतंच. शेजारच्या गल्लीत जे वाजेल ते तुमच्याही बाजेवर येऊन पडणार, आवडो न आवडो.

हे शेवटचं वाक्य जरा लक्षात ठेवा. नंतर लागेल.

प्लेलिस्ट हा शब्द मुळात रेडिओचा. स्टेशनवर कोणत्या रेकॉर्डी कोणत्या क्रमानं लावायच्या त्याची यादी. आपल्याकडे अशा यादीची चटक लागली ती मात्र एका मराठी मंत्र्याच्या हट्टामुळे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे निस्सीम भक्त. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत, आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? सुई फिरवली आणि सिलोन लावलं. ३ डिसेंबर १९५२ ला अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बुधवारी रात्री ८ वाजता. पाच वर्षं सरकारनं कळ काढली आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला ‘विविध भारती’ सुरू केली. केसकर तेव्हाही मंत्री होते. लोकांच्या आवडीपुढे दिल्ली नमल्याची उदाहरणं फार नाहीत, त्यातलं हे एक.

म्हणून आपल्या यादीचं पहिलं कलम गाणं नाहीच, वेळापत्रक आहे. ८ वाजता, बुधवार असेल तर गीतमाला. १० वाजता ‘छायागीत’. ११ ला ‘बेला के फूल’. त्या काळी रेडिओला लायसन लागे, पोस्टात वर्षाची फी भरावी लागे, त्यामुळे गल्लीत सेट एखादाच आणि तो ऐकणारे वीस. पुढे ट्रान्झिस्टर आला, सेलवर चालणारा. तो किती कामाचा होता हे २००५ नंतरच्या भारनियमनात पुन्हा कळलं. खेड्यापाड्यांत बारा-बारा तास लाइट नाही, पंखा नाही, टीव्ही मुका, आणि अंधारात उशाशी दोन सेलचा रेडिओ. ज्यांनी ती वर्षं काढली त्यांना ‘विविध भारती’ची ती धून आजही झोप आणते.

पण अकोटची यादी नुसत्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांनी भरली तर ती धुळ्याची, रतलामची, कुठलीही होईल. गावाची कशी होणार? इथे मला सगळ्यात आवडणारं साधन सांगतो : कॅसेट भरून देणाऱ्यांची दुकानं.

फिलिप्स कंपनीनं कॅसेट आणली १९६३ मध्ये. आपल्या तालुक्याच्या गावांत तिचं राज्य ऐंशीच्या दशकात सुरू झालं. विकत मिळणारी कॅसेट एका सिनेमाची असे, त्यातली दोन गाणी चांगली आणि सहा भरतीची. म्हणून लोक कोरी कॅसेट घेत, कागदावर गाणी लिहून दुकानात देत आणि दोन दिवसांनी ‘भरलेली’ कॅसेट आणत. ६० मिनिटांची घेतली तर एका बाजूला ३० मिनिटं, ९० ची घेतली तर ४५. हे गणित फार कडक. साधारण साडेचार मिनिटांचं गाणं धरलं तर ३० मिनिटांत सहा बसतात आणि सातवं मध्येच तुटतं. म्हणजे निवड करावीच लागे आणि क्रमही लावावा लागे. दुकानदार अनुभवी असला तर शेवटी छोटं गाणं टाकून बाजू बरोबर बसवी. कायद्याच्या नजरेत हा सगळा धंदा चोरीचाच, १९५७ चा कॉपीराइट कायदा होताच. पण इतिहासाच्या नजरेत ती चिठ्ठी म्हणजे मूल्यवान कागद. एका माणसानं, एका तारखेला, पैसे मोजून काय ऐकायचं ठरवलं याचा तो पुरावा. जमिनीचे सातबारे आपण शंभर वर्षं जपतो. या चिठ्ठ्यांत मात्र कुणी भजी बांधली, कुणी विडी पेटवली.

कॅसेट स्वस्त झाल्यावर आणखी एक गोष्ट घडली. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाचं १९९३ चं ‘कॅसेट कल्चर’ हे पुस्तक उत्तर भारतावर आहे, पण त्याचा मुद्दा वऱ्हाडालाही लागू पडतो. मोठ्या कंपन्यांनी ज्यांना दार उघडलं नसतं, ते गायक कॅसेटमुळे लोकांपर्यंत पोहोचले. भीमगीतांचं बघा. वामनदादा कर्डक यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून गाणी लिहिली आणि गायली. १९२२ चा जन्म, २००४ ला गेले. प्रल्हाद शिंदे आणि त्यांची मुलं आनंद-मिलिंद यांचे आवाज कॅसेटवरून वस्तीवस्तीत घुमले. बुद्धपौर्णिमा वैशाखात येते, म्हणजे बरोबर आपल्या ऋतूत. गायन पार्टी, सवाल-जवाब, पहाटेपर्यंत सामना. तिकडे उर्सात कव्वाली. अकोटात मुस्लिम वस्ती मोठी, आणि कव्वालीची बैठक त्यांच्यापुरती कधीच नव्हती. युसूफ आझाद, अजीज नाझाँ ही नावं हिंदू घरांतल्या जुन्या माणसांनाही पाठ असतात.

आता ते मघाचं वाक्य आठवा. बाजेवर पडल्या-पडल्या दुसऱ्या वस्तीचं गाणं कानावर यायचं. हे नेहमी गोडीगुलाबीनं झालं असं मी म्हणणार नाही. कोणाचं गाणं कोणत्या रस्त्यावरून जाईल यावरून आपल्याकडे डोकी फुटलेली आहेत. तरी एक खरं की दुसऱ्याचं गाणं नीट माहीत असायचं. चाल माहीत, शब्द माहीत, नकलाही यायच्या.

वऱ्हाडाचं स्वतःचं म्हणाल तर खंजिरी आधी. तुकडोजी महाराज १९०९ ते १९६८, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे. त्यांच्यामुळे खंजिरी भजन गावागावांत पोहोचलं, आणि उन्हाळ्याच्या रात्री भजनी मंडळांना मोकळा वेळ. गाडगेबाबांचं जन्मगाव शेंडगाव, तेही याच पट्ट्यातलं, अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं. त्यांचं कीर्तन रात्रीचंच. ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांनी केलेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळतं. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २० डिसेंबरला ते गेले. या मुद्रणात लोकांना प्रश्न विचारून उत्तर काढून घेण्याची त्यांची लकब आहे, आणि वऱ्हाडी बोलीही आहे. यादीत ते हवंच. गाणं नाही म्हणून कुणी काढायला लागलं तर मी भांडेन.

सुरेश भट अमरावतीचे. त्यांची रात्रीवरची गीतं हृदयनाथांच्या चालीत सगळ्या महाराष्ट्रानं ऐकली, पण मुंबईच्या स्टुडिओतून आली म्हणून ती वऱ्हाडाची आहेत हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. भीमराव पांचाळेही अमरावती जिल्ह्यातलेच. आणि खास अकोटचं म्हणून विठ्ठल वाघ. अकोटच्या शिवाजी महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. त्यांची तिफणीची कविता १९८१ च्या ‘अरे संसार संसार’ या चित्रपटात अनिल-अरुण यांच्या संगीतात गाणं होऊन आली. तिफण म्हणजे तीन फणांचं पेरणीचं अवजार. मे महिन्याच्या अखेरीस शेतकऱ्याच्या डोक्यात दुसरं काय असतं? बियाणं, खत, कर्ज आणि आभाळ. म्हणून माझ्या यादीत हे गाणं अगदी शेवटच्या रात्री येतं, वारा फिरल्यावर.

एक आवाज गाण्याचा नसलेला. अकोला-खंडवा मीटरगेज. अकोट सोडलं की गाडी मेळघाटात शिरायची, धूळघाटाला रूळ वळसा घेऊन स्वतःवरूनच जायचे. रात्री शिटी ऐकून लोक वेळ सांगत. २०१७ च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी हा मार्ग बंद झाला. अकोट ते अकोला गाडी २०२२ च्या नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाली, मोठ्या रुळावर. शिटी आता वेगळी आहे.

मग ही सगळी रात्र गेली कुठे? टीव्हीला, मोबाइलला दोष देणं सोपं. मला एक कायदा जास्त महत्त्वाचा वाटतो. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी झाली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. सणासुदीला १२ पर्यंत सूट, तीही वर्षातून फार तर १५ दिवस. नियम योग्यच आहे. आजारी माणसं असतात, परीक्षा असतात, आणि भोंग्याचा डीजे झाल्यावर छातीत धडधडायला लागतं, त्याला काय संगीत म्हणायचं? पण परिणाम असा झाला की जे पहाटेपर्यंत चालायचं, सामना, कव्वाली, कीर्तन, त्याची रात्र दहाला कापली गेली. भिडूंना रंगात यायलाच बारा वाजत. दहानंतरची रात्र उरली इअरफोनला. कॅसेटची दुकानं आधीच मोबाइलच्या मेमरी कार्डात गाणी भरून देऊ लागली होती. २०१६ ला जिओ आलं आणि तेही काम संपलं. आता बाजेवर दुसऱ्याचं गाणं येत नाही.

आणि आता अडचणीचा भाग. आत्तापर्यंत सांगितलेलं बहुतेक सगळं पुरुषांचं आहे, आणि पुष्कळसं कधी ना कधी मुद्रित झालेलं. हळदीच्या रात्री बाया मांडवात विहिणीला चिडवणारी गाणी म्हणत. त्यांत असे शब्द असत की ते मी इथे माइकवर उच्चारणार नाही. (हशा) ती कोणत्या ॲपवर आहेत? मेळघाटातून मजुरीला उतरणाऱ्या कोरकूंची गाणी, त्यांची बासरी? कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी नातं नाही, म्हणून ती गाणी गावाच्या कानावर पडली तरी गावाच्या यादीत शिरली नाहीत. भुलाबाई तर ऋतूतच बसत नाही, ती भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत.

हे काम होऊ शकतं, याचा पुरावा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या आज ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. पण तो संग्रह मुख्यतः पश्चिम महाराष्ट्राचा आणि मराठवाड्याचा. आपल्या पट्ट्यात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि पहाटे चारला सुरू होणारं रात्रीचं शेवटचं गाणं थांबलं.

म्हणून माझी यादी अशी आहे : ८ ते १२ बहुतेक भरलेली. १२ ते ३ अर्धी. ३ ते ५ या रकान्यात मी अजून काहीच लिहिलेलं नाही. ज्यांच्या घरी सत्तरीच्या पुढची आई, आजी, मावशी आहे आणि जिला एखादी ओवी किंवा हळदीचं गाणं आठवतं, त्यांनी मला भेटा. मोबाइलवर भरून घेतलं तरी चालेल. तारीख, गाव आणि कुणाकडून शिकली, एवढं मात्र आधी बोलून घ्या.

आता प्रश्न घेऊ.