पिस्तुलाची कळ आणि धन्याचा विश्वास



ज्या वस्तूपासून अपघात होण्याची भीति असते, तिच्यांत अपघात टाळण्याची एखादी युक्ति कोणी बसविली, तर वापरणारा मनुष्य तिचें आनंदानें स्वागत करील, असें आपणांस सहज वाटतें. पिस्तुलाचा इतिहास पाहिला म्हणजे मात्र हा समज सर्वस्वीं खरा ठरत नाहीं. गेल्या सव्वाशेंहून अधिक वर्षांत कारखानदारांनीं नाना प्रकारच्या संरक्षक कळा शोधून काढल्या. त्यांपैकीं कांहीं वापरणारांनीं स्वतः मागून घेतल्या, कांहींचा निमूटपणें स्वीकार केला, कांहीं कारागिराकडून काढून टाकविल्या. आणि कांहींचें नांव काढतांच असा गहजब झाला कीं, एक जुना कारखाना मालकानें विकून टाकला. असें कां झालें, याचा विचार आज करावयाचा आहे.

आपल्याकडे शस्त्र बाळगावयास सरकारी परवाना लागतो; म्हणून आपणांपैकीं बहुतेकांनीं पिस्तूल हातीं धरलें नसेल. तेव्हां दोन शब्द प्रथम समजून घेऊं. बोटानें ओढावयाचा तो चाप, आणि चाप ओढल्यावर काडतुसाच्या पार्श्वभागावर आघात घडवून आणणारा तो घोडा. वापरणाराची अपेक्षा दुहेरी असते. हवें त्या क्षणीं तें उडालेंच पाहिजे, आणि नको त्या क्षणीं तें कदापि उडतां कामा नये. या दोन अपेक्षांत मूळचेंच वैर आहे. एक पुरी करावयास जावें तों दुसरी थोडी तरी अपुरी राहते. संरक्षक कळीविषयींचे सारे वाद या वैरांतून निघालेले आहेत.

आरंभ अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवच्या स्मिथ अँड वेसन या कारखान्यापासून करूं. या कारखान्यानें १८८७ सालीं एक नवें रिव्हॉल्व्हर बाजारांत आणलें. त्याचा घोडा बाहेर दिसत नसे. तो आंत झांकलेला होता. शिवाय मुठीच्या मागच्या अंगास एक पट्टी बसविलेली होती. तळहातानें ती पट्टी दाबून धरल्याशिवाय आंतील घोडा हालत नसे. मोठ्या माणसानें मूठ नीट आवळली कीं पट्टी आपोआप दबे. लहान मुलाच्या हाताला मात्र पट्टी आवळून जड चाप ओढणें ही दोन्हीं कामें एकदम साधणें कठीण. एका मुलाला झालेल्या इजेची वार्ता ऐकून मालकाला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, ही रचना मुलांच्या हातांचा विचार करून केलेली होती, एवढें उघड आहे. गिऱ्हाइकांनीं काय केलें? त्यांनीं त्या शस्त्राला लिंबू पिळण्याच्या चिमट्याचें नांव ठेवलें आणि तें विकत घेतलें. सुमारें १९४० पर्यंत, म्हणजे पन्नासांहून अधिक वर्षें, या जातीचीं रिव्हॉल्व्हरें तयार होत होतीं. थट्टा झाली, पण द्वेष झाला नाहीं; कारण ही कळ मालकापाशीं वेगळें कांहीं मागत नव्हती. मूठ आवळणें हें त्याला करावयाचेंच होतें.

याच्या उलट उदाहरण कोल्ट कंपनीच्या १९०० सालच्या पिस्तुलाचें. प्रख्यात शस्त्रकार जॉन ब्राउनिंग यानें तें योजिलें होतें. नेम धरण्यासाठीं मागच्या बाजूस जी खांच असते, तीच खालीं दाबली कीं घोडा अडावा, अशी त्यांत युक्ति होती. कागदावर ही युक्ति चतुराईची दिसते. परंतु ज्या भागाकडे पाहून नेम धरावयाचा, तोच भाग कुलपाप्रमाणें वरखालीं करीत बसणें वापरणारांस रुचलें नाहीं, आणि थोड्याच काळांत कंपनीनें ती सोडून दिली.

पुढें याच ब्राउनिंगच्या हातून अमेरिकन सैन्याचें सुप्रसिद्ध पिस्तूल निर्माण झालें. त्याच्या मुठींतही दाबावयाची पट्टी होती. पण रिसाल्याच्या अधिकाऱ्यांचें तेवढ्यानें समाधान झालें नाहीं. त्यांची अडचण ध्यानांत घेण्यासारखी आहे. घोडेस्वाराच्या डाव्या हातांत लगाम, उजव्या हातांत भरलेलें व घोडा चढविलेलें पिस्तूल. अशांत जनावर बुजलें आणि दोन्हीं हातांनीं त्यास आवरण्याची वेळ आली, तर पिस्तुलाचें काय करावयाचें? चढविलेला घोडा अंगठ्यानें हळूच उतरवावा, तर धांवत्या जनावरावर अंगठा निसटण्याची भीति. म्हणून त्याच हाताच्या अंगठ्यानें लावतां येईल अशी वेगळी कळ त्यांनीं मागितली, आणि १९१० च्या नमुन्यांत ती बसविली गेली. १९११ च्या मार्च महिन्यांत ६,००० गोळ्या झाडण्याच्या परीक्षेंत हें पिस्तूल एकदांही अडलें नाहीं, व त्या महिन्याच्या २९ तारखेस सैन्यानें त्याचा स्वीकार केला. १९८५ मध्यें दुसरें पिस्तूल त्याच्या जागीं नेमलें जाईपर्यंत तें अमेरिकन सैन्याचें प्रमुख पिस्तूल होतें. वापरणारानें आपल्या कामांतील अडचण सांगितली, कारागिरानें ती ऐकली, आणि कळ टिकली.

सर्वच सैन्यांनीं असाच विचार केला, असें मात्र नाहीं. स्वित्झर्लंडनें १९०० सालीं स्वीकारलेल्या लूगर पिस्तुलास मुठीची पट्टी होती. जर्मन सैन्यानें १९०८ सालीं तेंच पिस्तूल घेतांना ती पट्टी गाळली व केवळ अंगठ्याची कळ ठेविली. सोव्हिएट रशियानें १९३० च्या सुमारास टोकारेव्हचें पिस्तूल पत्करलें, त्यांत तर मुठीची पट्टीही नव्हती आणि अंगठ्याची कळही नव्हती. अर्धवट चढवून अडकविलेला घोडा हाच काय तो त्याचा बंदोबस्त! म्हणजे सुरक्षितपणा किती हवा, याविषयीं ज्यांचा धंदाच शस्त्राचा, त्यांच्यांतही एकवाक्यता नव्हती.

१९३५ सालीं बेल्जममधील एफ. एन. कारखान्यानें हाय-पॉवर नांवाचें पिस्तूल बाहेर काढलें. त्याचा आरंभ ब्राउनिंगनें केला होता; १९२६ सालीं तो वारल्यावर द्यूदोने सॅव्ह यानें तें पूर्णत्वास नेलें. इशापूरच्या सरकारी कारखान्यांत याच जातीचें पिस्तूल आपल्या सैन्यासाठीं तयार होत आलें आहे, म्हणून आपणांस तें अगदींच परकें नव्हे. यांत एक निराळी कळ होती. मुठींतील गोळ्यांची पेटी, म्हणजे मॅगझिन, काढून घेतलें कीं चाप ओढूनही बार उडत नसे. यामागचा हेतु स्तुत्य होता. मॅगझिन काढलें म्हणजे पिस्तूल रिकामें झालें असें माणूस समजतो. परंतु एक काडतूस नळीच्या तोंडाशीं आधींच जाऊन बसलेलें असतें, आणि तेंच प्राण घेतें. या विस्मरणावर ही कळ म्हणजे चांगलाच उपाय होता. पण तिच्यामुळें चाप ओढतांना घासल्यासारखा जड लागे आणि रिकामें मॅगझिन झटकन खालीं पडत नसे. नेमबाजीचा शोक असणाऱ्या पुष्कळ मालकांनीं ती कारागिराकडून काढून टाकविली. त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें, चाप खरोखरच सुधारे. पण ज्या विसराळू क्षणासाठीं ती कळ योजिलेली होती, तो क्षण आपल्या आयुष्यांत येणारच नाहीं, असें प्रत्येकानें गृहीत धरलें होतें.

१९८२ सालीं ऑस्ट्रियाच्या सैन्यानें गॅस्टन ग्लॉक याचें पिस्तूल स्वीकारलें, तेव्हां वादानें उलटी दिशा घेतली. या पिस्तुलास बाहेरून लावावयाची कळच नव्हती. चापाच्या पुढें एक छोटी जीभ असे. बोट बरोबर चापावर पडलें तरच ती दबे. आंत आणखी दोन अडसर होते, व ते चाप ओढतांना आपोआप दूर होत. अमेरिकेंत हें पिस्तूल आलें, तेव्हां कळ नाहीं म्हणून कित्येक जुने जाणते लोक बिचकले. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनीं तर आपल्या पिस्तुलांचा चाप मुद्दाम बराच जड करवून घेतला आणि अनेक वर्षें तसा ठेविला; रिव्हॉल्व्हरच्या जड चापाला सरावलेलीं बोटें चुकूं नयेत, हा त्यांतील हेतु. पण पुढें हाच प्रकार जगभर पसरला. आठवणीनें लावावयाची कळ नको, आपोआप काम करणारी हवी, असें बहुसंख्य वापरणारांचें मत पडलें.

येथवरचे वाद शस्त्र आणि हात यांच्यामधले होते. १७ मार्च, २००० रोजीं त्यांत सरकार आलें. स्मिथ अँड वेसननें अध्यक्ष क्लिंटन यांच्या सरकारशीं करार केला. आपल्या शस्त्रांबरोबर बाहेरून लावावयाचें कुलूप देणें, दोन वर्षांत तें आंतच बसविणें, मालकालाच ओळखणारें पिस्तूल शोधून काढणें, विक्रीवर कांहीं बंधनें पाळणें, अशीं कलमें त्यांत होतीं. शस्त्रधारकांच्या संघटनेनें यास शरणागति म्हटलें. हजारों ग्राहकांनीं बहिष्कार घातला. विक्री घटली, कामगारांना घरीं बसावें लागलें. १९८७ मध्यें अकरा कोटी डॉलरांहून अधिक किंमत देऊन घेतलेली ही कंपनी ब्रिटिश मालकांनीं २००१ च्या मे महिन्यांत कर्जासह अवघ्या दीड कोटी डॉलरांस विकली. गंमत अशी कीं, घेणारी लहान कंपनी बंदुकांचीं कुलुपेंच तयार करण्यासाठीं निघालेली होती! तिच्या अमलाखालीं रिव्हॉल्व्हरांच्या अंगावर किल्लीचें छिद्र आलें. बहिष्कार ओसरला, पण त्या छिद्राला कराराच्या वेळच्या अध्यक्षपत्नीच्या नांवानें कुचेष्टेचें नांव मिळालें. बाराच्या धक्क्यानें कुलूप आपोआप लागेल, ही शंकाही अनेकांनीं बोलून दाखविली. पुढें कंपनीनें कांहीं नमुने पुन्हां कुलपाविना काढले.

याहून विलक्षण कथा न्यू जर्सी संस्थानाची. तेथें २००२ सालीं असा कायदा झाला कीं, फक्त धन्याच्याच हातीं उडणारें पिस्तूल देशांत कोठेंही विक्रीस आलें, म्हणजे ठराविक मुदतीनंतर त्या संस्थानांतील दुकानांत तसलींच पिस्तुलें विकलीं जावींत. २०१४ मध्यें आर्मॅटिक्स या जर्मन कंपनीचें तसें पिस्तूल आलें. मनगटावर विशिष्ट घड्याळ असलें, तरच तें उडे. पण तें विकूं पाहणाऱ्या दुकानदारांवर धमक्यांचा वर्षाव झाला व त्यांना माघार घ्यावी लागली. एका पिस्तुलाच्या विक्रीनें बाकी सर्व पिस्तुलांवर गदा येईल, ही भीति त्यामागें होती. म्हणजे ज्या वस्तूच्या प्रसारासाठीं कायदा केला, त्या वस्तूची वाट त्याच कायद्यानें अडविली. २०१९ मध्यें तो बदलून, अशा पिस्तुलाचा एक तरी नमुना दुकानांत ठेवावा, एवढ्यावर आणावा लागला. शस्त्रधारकांची शंका मात्र केवळ हट्टाची नव्हती. २०१७ मध्यें एका जाणकारानें थोड्याशा स्वस्त लोहचुंबकांनीं त्या पिस्तुलाचें कुलूप निष्फळ करून दाखविलें.

या सर्व हकीकतींतून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. माणूस कळीला भीत नाहीं. आपला निर्णय दुसऱ्याच्या हातीं जाईल, याला तो भितो. रिसाल्याच्या स्वारानें जी वस्तु मागून घेतली, तिचीच धाकटी बहीण सरकारी करारांतून आली तेव्हां त्याच्या नातवंडांनीं ती झिडकारली. लोकांच्या हिताची गोष्टही त्यांना विश्वासांत न घेतां केली, तर ती त्यांना बेडीसारखी वाटते, हा धडा कायदे करणारांनीं अवश्य घ्यावा.

परंतु मालकांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. २०१७ सालच्या एका अंदाजाप्रमाणें अमेरिकेंतील नागरिकांपाशीं ३९ कोटींहून अधिक बंदुका व पिस्तुलें होतीं. तीं घरांत असतात, आणि घरांत मुलें असतात. खरी सुरक्षितता कळींत नसून धन्याच्या सावधपणांत आहे, असें शस्त्रधारक नेहमीं म्हणतात, व तें पुष्कळ अंशीं खरेंही आहे. पण हा सावधपणा धनी जागा असेतोंवरच उपयोगी. तो झोंपला, बाहेर गेला किंवा खण बंद करावयास विसरला, म्हणजे पिस्तूल ज्याच्या हातीं पडतें, त्याला कोणीं सावधपणा शिकविलेला नसतो. जन्मभर मुलांत वावरलेल्या माणसास एवढें नक्की ठाऊक असतें कीं, बंद खण आणि चकचकीत वस्तु यांच्यापासून मुलाचा हात उपदेशानें फार वेळ दूर राहत नाहीं. कळ असावी कीं नसावी, याची चर्चा शंभर वर्षें स्वार, शिपाई, नेमबाज, कारखानदार आणि मुत्सद्दी यांनीं केली. त्या चर्चेंत ज्याला बोलतां येत नव्हतें, त्याचा विचार १८८७ च्या त्या मुठीच्या पट्टींत झालेला होता. पुढची कळ कोणी योजील, त्यानें आणि ती नाकारील त्यानेंही, प्रथम त्या लहान हाताची आठवण ठेवावी, एवढीच माझी विनंति आहे.